जपानी वाघाची जिवती

माझं सासर सुटलं ते एका वाघामुळे. हा वाघ बालाघाटाच्या डोंगरातला नव्हता. तो समुद्रापलीकडून, कपबश्यांच्या पेटीतून, चुरगळलेल्या कागदावर बसून आमच्या घरी आला होता. एवढं सांगितलं की ऐकणारे हसतात, आणि त्यांचं हसून झालं की मी पुढचं सांगत नाही. आज सांगणार आहे. ज्यांची भीड धरावी अशी माणसं आता राहिली नाहीत आणि राग मात्र जसा होता तसा आहे. वय झालं की माणूस निवतो असं लोक म्हणतात. मी निवलेले नाही, आणि निवायची मला हौसही नाही.

आम्ही बीडचे जिनगर. माझे वडील, नाना, हाताला येईल ते काम करायचे. लग्नघराच्या दाराशी हत्ती आणि भालदार रंगवायचे, घोड्यांची खोगिरं शिवायचे, पोळ्याला मातीचे बैल करायचे. पण घर चालायचं ते आषाढातल्या जिवतीच्या कागदांवर. श्रावणात दर शुक्रवारी लेकुरवाळ्या बाया ज्या कागदाची पूजा करतात, तो कागद बीडपासून चौसाळ्याच्या बाजारापर्यंत आमच्याच ओट्यावरून जायचा. वर एका बाजूला नरसिंह, दुसऱ्या बाजूला कालियाच्या फण्यावरचा कृष्ण, मधे मांडीवर-खांद्यावर पोरं घेतलेल्या जिवत्या आणि पाळण्यात एक बाळ, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. आषाढ संपताना दिव्याच्या आवसेला हा कागद भिंतीला चिकटवायचा, शुक्रवारी त्याला आघाड्याची माळ घालायची, पुरणाचा नैवेद्य दाखवायचा आणि पोराबाळांना ओवाळायचं. पोर परगावी असेल तर त्याच्या दिशेनं अक्षता टाकायच्या. माझ्या मायची माझ्याआधीची लेकरं जगली नव्हती. मला ओवाळताना ती निरांजन पार माझ्या नाकाजवळ आणायची, ते मला अजून आठवतं.

कागदाचं काम म्हणजे लाकडाचा ठसा. नानांच्या आज्यानं कोरलेला सागाचा ठसा आमच्याकडे होता, शाईनं काळाकुट्ट झालेला. काजळी आणि बाभळीचा डिंक खलून शाई करायची, ती ठशावर फासायची, वर कागजीपुऱ्याचा कागद अंथरायचा आणि पाठीवरून कापडी बोळ्यानं घोटायचं. घोटायचं काम माझं. जोर जास्त झाला तर कागद फाटतो, कमी झाला तर जिवतीला नाक उमटत नाही. दिवसभर घरात तेवढाच आवाज, बोळ्याचा खसखस आणि नाना काही कोरत असले तर पटाशीचा टकटक. चुलीवर हुलग्याचे शेंगोळे रटरटत असायचे आणि लसणाचा वास शाईच्या वासात मिसळायचा. ठशाच्या तळाशी उलटी कोरलेली अक्षरं होती. मी अक्षरं आधी उलटी शिकले आणि नंतर सुलटी. कागद छापायच्या दिवसांत घरात सोवळं असायचं. माय बाहेरची झाली की ती मागच्या गोठ्यात बसायची आणि कागदांच्या खोलीकडे तिची सावलीही पडू द्यायची नाही. विटाळानं शिवलेला कागद पूजला तर पोरांना बाधतो, असं सगळं गाव मानायचं. आमच्या कागदाची पत होती ती या सोवळ्यावर.

कासीमचाचांचं कपबश्यांचं आणि काचसामानाचं दुकान होतं. त्यांचा माल मुंबईहून नगरमार्गे बैलगाडीनं यायचा. हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाचे शिपाई पेट्या उघडून हात घालायचे, त्यात निम्म्या बश्या फुटायच्या. वाघ आला त्या साली फुटक्या बश्या बाजूला काढता काढता चाचांना दिसलं की कप ज्या कागदात गुंडाळले आहेत त्यावर चित्रं आहेत. त्यांनी ते कागद फेकले नाहीत. हातानं सपाट करून, गठ्ठा काखेत मारून संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "नाना, जपानचा माल आलाय. कप तर गेले, पण ह्ये बघा. तुमच्या कामाचं हाय."

नानांनी पहिला कागद दिव्याजवळ नेला आणि ते त्याच्यावर वाकले. मी त्यांच्या कोपराखालून डोकं घालून बघत होते. असं चित्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. एक योद्धा, अंगात मासळीच्या खवल्यांसारखं चिलखत, डोळे तिरळे फिरलेले, दात विचकलेले, आणि तो एका अजस्र सापाच्या जबड्यात पाय रोवून उभा. दुसऱ्या कागदावर घरापेक्षा मोठा कोळी आणि त्याच्या जाळ्यात तलवार उपसलेला माणूस. तिसऱ्यावर लालबुंद अंगाचं एक गुटगुटीत पोरगं, धबधब्यातल्या प्रचंड माशाला कवटाळून बसलेलं. माय म्हणाली, "ह्यो मारुतीच हाय, लहानपणीचा." तिनं कागदाला हात लावून तो हात कपाळाला लावला. चाचा हसले, पण त्यांनीही तो कागद नीट वरच ठेवला. आमच्या घरी प्रत्येक चित्राला नाव मिळालं. सापवाला भीम झाला, कोळ्याशी लढणारा अभिमन्यू झाला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कपाच्या गोल बुडाच्या वळ्या सगळ्या चित्रांवर उठलेल्या होत्या, आणि माझ्या मनात अजून तो लाल पोरगा वळीसकटच आहे.

चौथा कागद मात्र नानांनी कुणाला फार वेळ धरू दिला नाही. त्यावर ते जनावर होतं. काळ्या ढगातून खाली झेपावलेलं, तोंड माकडाचं, अंगावर आणि पायांवर वाघाचे पट्टे, आणि शेपटीच्या जागी जिवंत साप, फणा काढलेला, जीभ बाहेर. खाली कोपऱ्यात एक तिरंदाज धनुष्य ताणून उभा. पुढं मी सरकारी दवाखान्यात आयाचं काम करायला लागले आणि म्हातारपणी एकदा हैदराबादला जायचा योग आला, तेव्हा तिथल्या एका संग्रहालयात काचेमागं मला हेच जनावर दिसलं. रंग वेगळे, पण जनावर तेच. दाखवणाऱ्या माणसानं सांगितलं की हा पशू ढगात बसून राजाच्या वाड्यावर यायचा आणि राजा आजारी पडायचा, मग एका वीरानं बाण मारून त्याला पाडलं. मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. सोबतच्या बाईला वाटलं मला चक्कर आली. मला चक्कर आली नव्हती. नानांनी त्या चित्रातून दुखणं आणणारं जनावर तेवढं उचललं आणि मारणारा सोडून दिला, हे मला तेव्हा कळलं आणि माझं डोकं फिरलं.

त्या कागदांनी नाना पछाडले. ते कडांवर बोट फिरवत बसायचे. एकदा त्यांनी मला बोलावून दाखवलं, लाल रंग काळ्या रेघेच्या बाहेर केसभर सरकला होता. "हातानं भरलेला न्हाई ह्यो रंग," ते म्हणाले. "प्रत्येक रंगाला निराळा ठसा हाय. लई भारी लोक हायेत बे." माझ्याशी बोलताना त्यांच्या तोंडून असं बे निघालं की मला कळायचं, ते भानावर नाहीत. आणि खरं सांगते, तोवर नाना मला आवडत होते. पटाशी घेऊन वाकलेला बाप, कानामागं खोचलेली काडी, ओठ दुमडलेले. आज्याचा ठसा त्यांनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि नवीन सागाची फळी घेतली. त्या साली जिवतीचा बृहस्पती ज्याच्यावर बसणार होता तो आमचा गोगलगाय वाघ नव्हता. तो जपानी होता. तोंड तेवढं त्यांनी माकडाचं न ठेवता वाघाचं केलं, पण पंजे, पट्टे, पिसाळलेले डोळे सगळे तिथले. आणि शेपटीचा साप त्यांना सोडवेना.

साप मोठा होता आणि फळी लहान. शेपूट वर वळवल्याशिवाय मावेना, म्हणून नानांनी ती वर वळवली. पहिला कागद काढून त्यांनी मायला आणि मला दाखवला तेव्हा मी बघितलं, शेपूट वळत वळत वर पाळण्यापर्यंत गेली होती आणि सापाचं तोंड पाळण्यातल्या बाळाच्या गळ्याशी आलं होतं. मी म्हणाले, "नाना, ह्यो साप लेकराच्या गळ्याला लागतोय." मायनंही बघितलं. नाना म्हणाले, "लागत न्हाई. मागं हाय त्यो. तुला चितरातलं काय कळतंय?" मी पुन्हा म्हणाले की मागं आहे असं दिसत नाही, बाया काय म्हणतील. त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. बारा वर्षांची मी. मला चित्रातलं काही कळत नव्हतं, कबूल. पण गळा कुठं आणि साप कुठं, एवढं दिसत होतं.

छापायला सुरुवात झाली त्याच सकाळी मला न्हाण आलं. मी घाबरून मायला सांगितलं. मायनं मला तिथंच उभं केलं, कागदांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि मागच्या दारानं गोठ्यात नेऊन बसवलं. मी त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. घोटायचं काम मायनं केलं, तिचा हात त्याला सरावलेला नव्हता, निम्मे कागद वाया गेले आणि नाना तिच्यावर ओरडत होते, ते मला गोठ्यात ऐकू येत होतं. माझं लग्न लहानपणीच तेलगावला लागलेलं होतं, त्यामुळे न्हाण येणं ही आनंदाची गोष्ट. गल्लीत गूळखोबरं वाटलं गेलं, केळीचे खुंट लावून मखर केलं, मला हिरवं लुगडं नेसवून त्यात बसवलं. गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या, माझी ओटी भरली, वात्रट गाणी म्हणाल्या. पलीकडच्या घरची यमुनाकाकू, तेल्याची सून, कडेवर तिची सोनी घेऊन आली होती. सोनीनं माझ्या मखरातलं केळ मागितलं आणि मी तिला ते सोलून दिलं. तेलगावला निरोप गेला की पोरगी शहाणी झाली, दिवाळीनंतर घेऊन जा. मला नवरा कसा दिसतो तेही नीट आठवत नव्हतं, पण मी तिकडच्या घराची स्वप्नं बघत होते. तिथं विहीर परसातच आहे असं कुणीतरी सांगितलं होतं.

त्या साली कागद हातोहात गेले. असा वाघ कुणी पाहिला नव्हता. बाया ओट्यावर उभ्या राहून एकमेकींना दाखवायच्या, चौसाळ्याचा दुकानदार दुसऱ्यांदा माणूस पाठवून गेला, आणि कुणीसं म्हणालं की नानांच्या हातात देव बसलाय. नानांनी वाघ कुठून आला हे सांगितलं नाही. "सुचला," एवढंच म्हणायचे. देवाच्या कागदावरचं जनावर मुसलमानाच्या दुकानातल्या कपांच्या वेष्टणावरून घेतलं आहे, हे सांगायची त्यांची छाती नव्हती. मी हे तेव्हा त्यांच्या बाजूनं समजून घेतलं होतं. आता घेत नाही.

श्रावणात घशाचं दुखणं आलं. पोरांना आधी ताप, मग घसा धरायचा, आवाज घोगरा व्हायचा आणि शेवटी श्वास कोंडायचा. मी दवाखान्यात होते तेव्हा याच दुखण्यावरची लस आयांच्या मांडीवरच्या लेकरांना टोचताना मी लेकरांचे पाय धरायचे. एका सुईचं काम. तेव्हा ती सुई नव्हती. आमच्या गल्लीत एकामागून एक घरं रडायला लागली. यमुनाकाकूची सोनी दुसऱ्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी गेली. शेवटी ती स्वतःच्याच गळ्याला बोटं लावून ओढत होती म्हणे, काहीतरी काढून टाकायचं असल्यासारखी. आणि मग ज्या भिंतीसमोर यमुनाकाकू रोज दिवा लावत होती, त्या भिंतीकडे तिनं बघितलं. तिथं पाळण्यात बाळ होतं आणि त्याच्या गळ्याशी सापाचं तोंड होतं.

गल्लीतल्या बाया आमच्या ओट्यापुढे आल्या तेव्हा दुपार होती आणि मी मायबरोबर अंबाडीची भाजी निवडत होते. भांडायला आल्यासारख्या त्या आल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. भांडण असतं तर मायनं तोंड दिलं असतं. प्रत्येकीच्या हातात भिंतीवरून ओरबाडून काढलेला कागद होता. यमुनाकाकूनं तिचा कागद नानांच्या पायांपुढे ठेवला आणि सापाच्या तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "नाना, ह्ये काय काढलंत तुमी?" मागून दुसरी म्हणाली, "आमी लेकरं जगाया पूजतोय. ह्यो साप कावून घातला?" नाना त्या बोटाकडे बघत राहिले. त्यांना तेव्हा दिसलं, मी सांगितलं होतं ते. त्यांचा चेहरा मी बघत होते, त्यांना दिसलं. ते एवढंच म्हणू शकले असते की चूक झाली, जागा कमी पडली, माझ्या हातून झालं. बायांनी शिव्या घातल्या असत्या. एखाद्या सालाचा धंदा गेला असता.

नाना म्हणाले, "चितरात काय न्हाई, बायांनो. चितर देवाचंच हाय. पर आमच्या घरात विटाळ झाला. पोरगी पहिल्यांदाच बाहेरची झाली, तिला समजलं न्हाई. तिनं कागदांना हात लावला. मला मागनं कळलं."

ते वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. मला मागनं कळलं. किती साधं, किती दुःखी करून म्हणाले ते. त्यांनी हे जाग्यावरच रचलं असणार, पण लाकडात सफाईनं कोरतात तसंच ते बसलं, कारण माझं न्हाण कधी आलं हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनीच येऊन माझी ओटी भरली होती. मी उठून ओरडले, "म्या न्हाई शिवले. म्या गोठ्यात व्हते. मायला इचारा." सगळ्यांनी मायकडे बघितलं. मायच्या हातात अंबाडीची काडी होती. पानं संपली तरी ती काडी सोलत राहिली आणि तिनं मान खाली घातली. यमुनाकाकूनं माझ्याकडे बघितलं. तिनं फक्त पदर सावरून घेतला, माझा वारा लागू नये म्हणून. बायांनी कागद तिथंच टाकले आणि त्या गेल्या.

कासीमचाचा त्या संध्याकाळी आले. त्यांच्या दुकानापर्यंत बातमी गेलीच होती. ओट्यावर चढले नाहीत, खाली उभे राहूनच म्हणाले, "पोरीच्या माथी कावून मारता, नाना? जनावर तर माज्या पेटीतलं हाय. मी सांगतो बायांना. मला कोण काय करतंय?" नाना म्हणाले, "तुमी मधी पडू नका, चाचा. तुमाला आमचं कळायचं न्हाई." चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कळतंय की. तेवढं तर कळतंय." ते गेल्यावर नानांनी जपानी कागदांचा गठ्ठा आणून बंबात घातला. योद्धा, कोळी, लाल पोरगा, सगळं. नवीन ठसा कुऱ्हाडीनं फोडला. मला वाटलं होतं की हे सगळं करताना ते निदान माझ्याकडे बघतील. त्यांनी मला पाणी तापलं का ते विचारलं.

तेलगावहून कुणी आलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, मग एक लांबचा नातलग सासऱ्यांचा निरोप घेऊन आला. जिच्या हातानं लेकरं जातात ती सून आम्हाला वंश काय देणार, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाला दुसरी बघितली होती, सोयरिकीची सुपारीही फुटली होती. नानांनी त्या माणसाला जेवू घातलं. येसराची आमटी केली होती मायनं, त्यानं ती दोनदा मागून घेतली. मी चुलीपाशी बसून ऐकत होते की आता नाना तोंड उघडतील. हा बाहेरगावचा माणूस, इथं बाया नाहीत, गाव नाही. बाप म्हणून एवढं तरी म्हणा, पोरगी निर्दोष आहे, मी खोटं बोललो. नाना त्याला भाकरी वाढत राहिले. म्हणाले, "तिचं नशीब." नशिबाला हात नसतात, म्हणून त्याच्यावर काहीही टाकता येतं.

गल्लीतल्या पोरांनी मला नाव ठेवलं, वाघीण. बायका पाणवठ्यावर मी गेले की घागर भरायची थांबायच्या. मी नदीला उन्हाच्या वेळी जायला लागले, कुणी नसताना. मायवर माझा राग वेगळा होता. ती माझ्या ताटात तूप जास्त घालायला लागली होती, आणि ते तूप मी मुद्दाम ताटाच्या कडेला निपटून ठेवायचे. एकदा ती म्हणाली, "घर चालाया पायजे ना, भागे." मी तिला म्हणाले की मग चालव.

पुढचा आषाढ आला. नानांनी आज्याचा जुना ठसा माळ्यावरून काढला, धुतला, शाई खलली. गाव जुन्या कागदाला नाही म्हणत नव्हतं. दोष चित्राचा नव्हता ना, माझा होता. सगळी तयारी झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. बोळा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बस. घोट. तुज्या मायला जमत न्हाई, कागद लई वाया जातोय. दार लावलंय, कुणाला कळत न्हाई."

मला वाटतं माझ्या रागाचा खरा जन्म त्या क्षणी झाला. तोवर कुठंतरी मी स्वतःला सांगत होते, नानांना कदाचित खरंच वाटलं असेल, भीतीनं माणसाला काहीही खरं वाटतं. पण ज्या हातांनी लेकरं मारली असं त्यांनी गावाला सांगितलं, तेच हात त्यांना देवाच्या कागदाला हवे होते. म्हणजे त्यांना पहिल्यापासून पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, "दार उघडा. यमुनाकाकूला बोलवा. तिच्याम्होरं सांगा की म्या शिवले न्हवते. मंग घोटते." नाना म्हणाले, "येडी झालीस का? आता गाव विसरलंय. उकरून काय मिळतंय?" मी म्हणाले, "मला माजं नाव मिळतंय." त्यांनी बोळा उचलला आणि स्वतःच घोटायला लागले. मी दार उघडून बाहेर आले. त्यांनी एकट्यानं सगळे कागद काढले, जिवत्यांना धड नाक नव्हतं, बुधाचा हत्ती निम्मा पुसलेला होता. तरी लोक घेत होते. विटाळ नव्हता ना.

दिव्याच्या आवसेच्या आधी ओट्यावर गर्दी होती. घरोघरी कणकेच्या दिव्यांची तयारी चाललेली, पोरं पायात पायात. मी बाहेरची झाले होते, म्हणून गोठ्यात होते, आणि गोठ्याच्या कुडातून मला ओटा दिसत होता. नाना चौरंगावर कागदांचा गठ्ठा ठेवून एकेकीला देत होते. यमुनाकाकू आली. तिला एक मुलगा उरला होता, त्याचा हात तिनं घट्ट धरलेला. कागद घ्यायच्या आधी तिनं हलक्या आवाजात विचारलं, "नाना, औंदा तसं काय न्हाई ना?" आणि नाना म्हणाले, "न्हाई हो. औंदा पोरीला दोन हात लांब ठेवलीय."

मी गोठ्यातून उठले. कुणी अडवलं नाही, कारण मी येईन असं कुणाला वाटलंच नव्हतं. अंगणातून सरळ ओट्यावर चढले. बाया मागं सरकल्या, आपापली पोरं ओढून घेतली. मायनं दारातून माझं नाव घेतलं. मी चौरंगापुढे उभी राहिले आणि त्या गठ्ठ्यावर दोन्ही तळहात पालथे टेकवले, पूर्ण, बोटं पसरून. वरच्या कागदाची शाई अजून ओली होती. मग यमुनाकाकूकडे बघून म्हणाले, "म्या बाहेरची हाय आज. आता शिवले. गेल्या साली शिवले न्हवते. शिवणं म्हंजी असं असतंय, काकू, सगळ्यांसमोर. गेल्या साली साप नानांनी काढला व्हता, कपाच्या कागदावरनं. म्या सांगितलं व्हतं, त्यो लेकराच्या गळ्याला लागतोय."

नानांचा हात उठला होता, पण तो मारायला खाली आला नाही. सगळ्या बाया बघत होत्या. मी मायकडे बघितलं. ती दारात उभी होती, आणि या खेपेला तिनं मान खाली घातली नाही. ती म्हणाली, "गोठ्यातच व्हती ती. म्याच बसवली व्हती." एवढंच, पाण्याचा तांब्या कुठं ठेवलाय ते सांगावं तसं. सालभर हेच वाक्य तिच्या तोंडात अडकलं होतं.

यमुनाकाकू माझ्याकडे आली नाही. माझ्या डोक्यावरून तिनं हात फिरवला नाही आणि मला ते नकोही होतं. तिनं मुलाचा हात सोडला, एक पायरी वर चढली आणि नानांना विचारलं, "मंग माजी सोनी कशानं गेली, नाना?"

तिनं ते चिडून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. वर्षभर तिला कुणीतरी एक कारण दिलं होतं, ती ते घेऊन झोपत होती, उठत होती, आणि ते कारण पलीकडच्याच घरात पाणी भरताना तिला रोज दिसत होतं. नाना खाली बसले आणि मी शिवलेले कागद एकावर एक नीट लावू लागले. ते कागद आता कुणी घेणार नव्हतं. यमुनाकाकू उभीच होती.